वरीलप्रमाणे

विषय : माळ-प्रवेश परवाना क्रमांक ४७ मधील दोन नावांपैकी एक नाव कमी करणेबाबत.

संदर्भ : १) सदर परवाना, दिनांक ३ फेब्रुवारी १९५६. २) सोबतचे हजेरीपत्रक. ३) छायाचित्रे, नग बत्तीस. ४) अर्जदाराचा अर्ज.

१

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, इथपर्यंतची भाषा कचेरीची आहे आणि यापुढची हकिकत त्या भाषेत बसत नाही.

रामहरी नरसो लासुर्णेकर हा इंदापुरातल्या कुरण कचेरीत बावीस वर्षं कारकून होता. कुरण कचेरी म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं आणि गेणबा नावाचा एक शिपाई. माळावर कोणी मेंढरं चारायची, कोणी गवत कापायचं, कोणी नुसतंच हिंडायचं, याचे परवाने तिथून निघत. माळावर गवत चारच महिने असे, परवाने मात्र बारमाही निघत.

सत्तेचाळीस साली एक गोरा साहेब बिऱ्हाड मोडून गेला. त्याच्या सामानातून रामहरीने दोन वस्तू उचलल्या. एक घडीचा कॅमेरा आणि दुसरं आफ्रिकेतल्या जंगलसफरींचं जाडजूड पुस्तक. पुस्तकात पाणवठ्यावर आलेले सिंह होते, जिराफ होते, पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे होते. एका चित्राखाली लिहिलं होतं की फोटो काढणारा माणूस काट्यांच्या आडोशात सहा तास बसला होता आणि जनावरांना त्याचा पत्ताही नव्हता. रामहरीला सिंहापेक्षा हे वाक्य आवडलं. आपण वर्षानुवर्षं कचेरीत बसतो आणि कोणाला आपला पत्ता नसतो, हे त्याला ठाऊक होतं. याला कौशल्य म्हणतात, हे मात्र नव्याने कळलं.

आफ्रिका लांब होती. पण इंदापूरच्या पश्चिमेला माळ होता, माळावर एक तळं होतं, आणि उन्हाळ्यात आसपासचे ओढे आटले की त्या तळ्यावर चिंकारे, खोकड, पखुर्ड्यांचे थवे आणि नशिबात असेल तर लांडगा येई. सिंहाच्या जागी लांडगा, एवढी तडजोड रामहरीने केली.

त्यातच जानेवारीत पुण्याहून वरिष्ठांचं परिपत्रक आलं. माळावरील वन्य जनावरांची पाणवठ्यावर घेतलेली छायाचित्रे सादर करावीत. अव्वल कारकून आप्पासाहेबांनी ते वाचलं आणि एका बोटाने रामहरीच्या टेबलाकडे सरकवलं.

“घ्या. तुमचं वेड सरकारी झालं.”

अडचण नियम सातची होती. माळावर कोणी एकट्याने बसू नये, परवान्यावर एका सोबतीच्या इसमाचं नाव असलंच पाहिजे. हा नियम कोणी आणि कशासाठी केला, हे कोणाला आठवत नव्हतं. सहा तास न बोलता, न खोकता आणि विडी न ओढता बसेल असा इसम रामहरीला मिळेना. असा कोणी असता तर कचेरीने त्याला केव्हाच नोकरीत घेतलं असतं.

म्हणून रामहरीने कोणताही अनुभवी कारकून करील तेच केलं. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, वय शेहेचाळीस, उंची साडेपाच फूट, ओळखीची खूण डाव्या भुवईवर जुना व्रण, राहण्याचं ठिकाण असं सगळं नीट भरलं. दुसऱ्या ओळीत नाव लिहिलं, ‘झुंबर रावजी’. आणि पुढच्या एकेका रकान्यात, पेन न थांबवता : वय, वरीलप्रमाणे. उंची, वरीलप्रमाणे. खूण, वरीलप्रमाणे. राहणार, वरीलप्रमाणे.

“कोण हा झुंबर?” सही करताना आप्पासाहेबांनी विचारलं.

“आहे माळावरचा.”

“भुवईवर व्रणसुद्धा?”

“योगायोग म्हणायचा, आप्पासाहेब.”

आप्पासाहेबांनी सही केली. नियमात योगायोगाला मनाई नव्हती.

२

परवाना निघाला की त्या माळावर मेंढरं चारणाऱ्याला तो वाचून दाखवायचा, अशी पद्धत होती. गेणबा सायकलवरून जाऊन बिरू धनगराला तो वाचून दाखवून आला. बिरू सत्तरीचा होता. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचा वाडा होता. वाडा म्हणजे काट्याच्या कुंपणात मेंढरं आणि बाहेर दोन पालं.

पाच फेब्रुवारीच्या रविवारी रामहरी सकाळी सायकलने तिथे पोचला. सायकलची घंटा फुटकी होती, वाजण्याऐवजी खरखरायची. त्या आवाजावर बिरूची कुत्री धावून आली आणि बिरूने त्यांना शिव्या घालून बसवलं. मग दोघांनी तळ्याच्या काठी लपण बांधायला घेतलं. बाभळीच्या फांद्या, वरून बोराटी, आतून गोणपाट, आणि कॅमेऱ्यापुरती एक फट.

“भाऊसाब, किती मानसांचं करू?”

“एकट्याचं.”

“कागदावर दोन नावं हायती न्हवं? गेणबानं वाचली.”

“ते कागदापुरतं, आबा. बसणार मी एकटाच.”

बिरूने कोयता खाली ठेवला. “मग त्याचं नाव कशापायी घेतलं?”

“सरकारी काम आहे. घ्यावं लागतं.”

“सरकारचं मला ठावं न्हाय. आमच्या वाड्यावर ज्याचं नाव घेतलं, त्याला बसाय जागा ठिवावी लागती. त्यो येऊंदे न्हायतर न येऊंदे. ती त्याची मर्जी.”

“आणि नाही ठेवली तर?”

“तर त्यो आपल्या जाग्यावर बसतो,” बिरू म्हणाला आणि तळ्याकडेला जाऊन दोन सपाट दगड घेऊन आला. एक फटीसमोर ठेवला, दुसरा त्याच्या डाव्या हाताला. रामहरीला हसू आलं. सरकारी नियम आणि धनगराची रीत कुठेतरी एकाच बापाची असावीत, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दगडावर भाकरीचं फडकं ठेवायला जागा झाली, म्हणून त्याने तो राहू दिला.

३

पुढचा रविवार छान गेला. नऊला पखुर्ड्या थव्याने उतरल्या, पाणी प्यायल्या आणि उडाल्या. दहाच्या सुमाराला एक चिंकारा मादी आली, मागून तिचं पाडस. एक खोकड येऊन पाण्यात नाक घालून गेलं. आठ फोटोंचं रीळ संपलं. भिगवण स्टेशनावरून ते पुण्याच्या स्टुडिओत गेलं आणि आठवड्याने फोटो धुऊन आले.

फोटो चांगले होते. आप्पासाहेबसुद्धा “जनावर वाटतंय खरं” म्हणाले. कौतुकात याच्या पुढे ते जात नसत.

संध्याकाळी घरी रामहरीने नकाशे पाहायचं भिंग काढलं. आठांपैकी पाच फोटोंत जनावर मान वर करून बघत होतं. यात नवल नाही, कॅमेऱ्याची खुडबुड झाली की जनावर बघतंच. पण पाचही जनावरं कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती जरा बाजूला बघत होती. खोकडाचे डोळे, मादीचे डोळे, पाडसाचे ताठ झालेले कान, सगळ्यांचा रोख एकीकडे.

रामहरीने काचेला दोष दिला. मग उन्हाला. मग, हातात फूटपट्टी असलेल्या माणसाला राहवत नाही म्हणून, कागदावर तळं काढलं, लपण काढलं, जनावरं जिथे उभी होती ते ठिपके टाकले आणि प्रत्येक ठिपक्यापासून नजरेच्या दिशेने रेघ ओढली. पाच रेघा एका जागी मिळाल्या. फटीच्या डावीकडे सव्वा हात. दुसऱ्या दगडावर.

तिथे भाकरीचं फडकं होतं, त्याने स्वतःला बजावलं. पांढरं फडकं वाऱ्याने हललं असेल. झालं.

सव्वीस फेब्रुवारीला त्याने फडकं पिशवीत ठेवलं आणि डावीकडचं गोणपाट सुतळीने शिवून टाकलं. वाऱ्याला शिरायला जागा ठेवली नाही. दुसरं रीळ आलं. आता सात रेघा होत्या. त्याही तिथेच मिळाल्या, पण थोड्या वर. बसलेल्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर.

४

अकरा मार्चला तिसरं रीळ संपवून तो बाहेर आला तेव्हा बिरू पालासमोर बसला होता. म्हाताऱ्याने दोन भाकऱ्या, त्यावर दोन कांदे आणि चटणीचे दोन गोळे काढून ठेवले होते.

“दोन कशाला, आबा?”

“तुमचं सोबती जेवत न्हाइत व्हय? गेल्या बारीला बी तशीच ऱ्हायली त्यांची भाकर. कुत्र्याला घातली, तर कुत्रं बी खाईना.”

रामहरीने दुसऱ्या भाकरीकडे पाहिलं. मग त्याने हलक्या आवाजात विचारलं, “कोणता सोबती?”

“ते दुसरं सायेब. तुमी आलात की मागनं येत्यात, तुमी निघालात की मागनं जात्यात. बरं हायेत बिचारं. बोलत न्हाइत, पर बरं हायेत.” बिरूने डोळे बारीक केले. “तुमचं भाऊ का हो? चेहऱ्यावरनं तसं वाटतंय.”

बिरूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सूर्याकडे बघितलं तरी त्याला दोन दिसत असतील. रामहरीने हे मनात तीनदा म्हणून पाहिलं. पण कुत्र्यांना मोतीबिंदू नव्हता. ती दोन्ही कुत्री पालामागे अंग चोरून बसली होती आणि रामहरीच्या डाव्या अंगाला जे काही होतं त्याकडे बघून दात दाखवत होती.

परतीच्या वाटेवर त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. सायकल मात्र जड चालली. चढावर कोणी मागच्या कॅरिअरवर बसलेलं असावं तशी.

५

रामहरीच्या घरात आता दोघंच होती. मुलगी लग्न होऊन गेली होती. पुढची खोली, मागची खोली आणि परसात पेरूचं झाड. बायको सिंधुबाई ही पिंपळीची. बोलण्यात कमी, पण बोलली की नवऱ्याचं पितळ उघडं पाडणारी.

त्या मंगळवारी तो मंडईतून वांगी घेऊन घरी आला, तेव्हा ती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती.

“तुम्ही बाहेरून आलात?”

“दिसतंय की. वांगी आणली.”

“मग मघापासून परसात कोण आहे?”

“परसात?”

“मी चहाला हाक मारली. तुम्ही ‘हूं’ म्हणालात. तुमचंच ‘हूं’. घसा खाकरलात, तोही तुमचाच. नवरा म्हणून सत्तावीस वर्षं ऐकतेय, मला सांगू नका.” तिने खाली पाहिलं. तिच्या हातात कपबशी होती, चहावर साय धरली होती. “मी चहा दाराशी नेला. पेरूखाली पाठमोरे उभे होतात. मी म्हटलं घ्या, तर वळलात नाही. तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि तुम्ही वांगी घेऊन आत.”

परसात कोणी नव्हतं. पेरूखालची माती पायांनी दाबली गेली होती, पण ती रोजच दाबली जाई.

रामहरीने तिला सगळं सांगितलं. परवाना, रकाने, रेघा, भाकरी. सांगताना ते सगळं फारच हास्यास्पद वाटत होतं. सिंधुबाई हसली नाही. तिने एकच विचारलं.

“राहण्याचं ठिकाणही वरीलप्रमाणेच लिहिलंत?”

“हो.”

“म्हणजे हे घर.”

“हो.”

“आणि रकान्यात बायकोचं नाव विचारलं असतं तर?”



त्याच दुपारी तिने पिशवी भरली. “मी भावाकडे पिंपळीला जाते. ते नाव काढून टाका आणि मला निरोप धाडा. त्याशिवाय मी या घरात येणार नाही. घरात दोन माणसं आहेत म्हणून भीत नाही मी. आता आत येतोय तो त्यातला कोणता, हे मला उद्या ओळखता आलं नाही तर?”

एस.टी.त चढताना तिने मागे वळून त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. खूण लक्षात ठेवतात तसं.

६

एकोणीस मार्चला रामहरीने अर्ज लिहिला. परवान्यातील सोबतीच्या इसमाचे नाव कमी व्हावे, ही विनंती. आवक नोंदवही त्याच्याच टेबलावर असे. त्याने स्वतःच अर्जावर क्रमांक टाकला, २१३, आणि आप्पासाहेबांपुढे ठेवला.

“त्या इसमाला आणा,” आप्पासाहेब म्हणाले. “ज्याचं नाव कमी करायचं त्याची संमतीची सही लागते.”

“तो येऊ शकत नाही.”

“मग नाव कमी होऊ शकत नाही.”

रामहरीने खुर्ची जवळ ओढली. नोकरीची आठ वर्षं उरली होती. पण घरी चूल पेटत नव्हती आणि परसात रोज चहाच्या वेळी कोणीतरी घसा खाकरत होतं.

“आप्पासाहेब, असा कोणी इसमच नाही. मी खोटी नोंद केली. काय शिक्षा व्हायची ती होऊ द्या.”

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फायलीतून हजेरीपत्रक काढलं. दर रविवारी परवान्यावरच्या दोघांनी त्यावर सही करायची असे. रामहरी आपली सही करी आणि दुसरा रकाना कोरा ठेवी, शेवटी एकदम भरू म्हणून.

रकाना कोरा नव्हता. सात रविवार, सात सह्या. झुंबर रावजी. शाई कचेरीचीच.

“नाही म्हणता ना? मग सह्या कोणाच्या?”

“अक्षर माझं आहे,” रामहरी म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“अक्षर सगळ्या कारकुनांचं सारखंच असतं. सरकारी नोकरीने माणसाचं जे भलं होतं त्यातलं हे एक.” आप्पासाहेबांनी पत्रक फायलीत घातलं. “ज्याच्या सात सह्या आहेत तो इसम नाही, असं मी वर लिहू? अर्ज राहू द्या. बघू.”

आपणच भरल्या असतील, रामहरीने विचार केला. लक्ष नसताना. बावीस वर्षांत लक्ष नसताना आपण काय काय भरलं असेल, कोण मोजणार?

पंचवीस मार्चच्या रविवारी तो कॅमेरा न घेताच माळावर गेला. बिरू मेंढरं घेऊन लांब गेला होता. रामहरी लपणात वाकून शिरला, डावीकडचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि तळ्यात फेकला. पाणी उडालं, वलयं काठाला लागली आणि सगळं शांत झालं. आता बसायला जागाच नाही, त्याने स्वतःशी म्हटलं. जागा नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस येईल?

तो घरी पोचेपर्यंत त्याला फार बरं वाटत होतं. परसात त्या दिवशी कोणी खाकरलं नाही. रात्री झोपताना मात्र बिरूचं ‘तर त्यो आपल्या जाग्यावर बसतो’ हे वाक्य त्याला आठवलं आणि तो उठून बसला.

७

एक एप्रिलला उन्हाने माळ पांढरा पडला होता. रामहरी लपणात शिरला आणि आपल्या दगडावर बसला.

दगड ऊबदार होता. उन्हाची ऊब नव्हती ती, वरून तर दाट बोराटी होती. खुर्चीवरून कोणी नुकतंच उठून गेल्यावर जी ऊब राहते, तशी.

तो बसून राहिला. सात फोटो घेतले. अकरा वाजता तळ्यावर तीन चिंकारे आले, त्यातलं एक पाडस. त्यांनी लपणाकडे पाहिलं. त्याने भिंग न लावताही ओळखलं की या वेळी ते बाजूला बघत नव्हते. थेट फटीकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे, त्याने स्वतःला सांगितलं. म्हणजे सगळं ठीक आहे. पण डोळ्याशी डोळा भिडत नव्हता. ते त्याच्या आरपार, त्याच्याच जागी असलेल्या दुसऱ्या कशाकडे तरी बघत होते.

त्याला आत बसवेना. कॅमेरा तिकाटण्यावर तसाच ठेवून तो मागच्या बाजूने बाहेर आला आणि उघड्यावर उभा राहिला.

चिंकारे पळाले नाहीत.

वीस पावलांवर माणूस उभा राहिला की चिंकारा थांबत नाही, हे माळावरच्या लेकरालाही ठाऊक असतं. रामहरी दोन पावलं पुढे गेला. मग दहा. त्याने टाळी वाजवली. एकही कान हलला नाही. पाडसाच्या ओल्या नाकाला लागलेली माती त्याला दिसत होती, इतक्या जवळ तो पोचला होता. पुस्तकातल्या त्या माणसाला सहा तासांत जे मिळालं नसेल ते त्याला मिळालं होतं. जनावरांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग चिंकारे उधळले. उतारावरून लांडगा आला होता. करडा, हडकुळा, सावकाश. तो रामहरीच्या धोतराला घासून पाण्याशी गेला. उग्र वास आला. पाणी पिता पिता लांडग्याने मान वर केली, लपणाकडे पाहिलं आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

लपणातून आवाज आला. खटक.

स्वतःच्या कॅमेऱ्याचा आवाज माणूस कुठेही ओळखतो.

लांडगा एका उडीत दिसेनासा झाला. रामहरी वळला. फटीत कॅमेऱ्याची काच चमकत होती. काचेच्या वर, अंधारात, कपाळाचा एक तुकडा होता आणि त्याखाली डावी भुवई. भुवईवर मधोमध जिथे केस उगवत नाहीत अशी एक पांढरी रेघ. लहानपणी पाटीच्या कोपऱ्याने लागलं होतं तिथे.

फटीवर गोणपाट पडलं.

तो शिरला तेव्हा आत कोणी नव्हतं. दगड ऊबदार होता. कॅमेऱ्याच्या मागच्या, फोटोचा क्रमांक दाखवणाऱ्या लाल काचेत आठाचा आकडा उभा होता, आणि आठवा फोटो निघून गेला होता.

८

आठवा फोटो सुरेख आला. लांडगा पाण्यावर, मान वर, डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. पाण्यात त्याची पडछाया. माळ, आभाळ, काठावरचं गवत न् गवत. लांडग्याच्या शेजारी दीड हातावर रामहरी उभा होता. फोटोत तिथे गवत होतं.

एकवीस एप्रिलला पुण्याहून पत्र आलं. छायाचित्र क्रमांक बत्तीस विशेष उल्लेखनीय असून ते घेणारे श्री. झुंबर रावजी यांचे अभिनंदन करण्यात येत आहे. गेणबाने पत्राबरोबर चहा आणला आणि टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवला. रामहरी उजव्या टोकाला बसला होता. “गेणबा,” तो म्हणाला. गेणबा दुसऱ्या टेबलाकडे गेला होता.

मग त्याने आवक नोंदवही उघडली. आपल्या अर्जाचा क्रमांक वरिष्ठांना कळवावा, म्हणजे काही हालेल, असा त्याचा विचार होता. २१३ सापडला. त्याच्या वर, त्याच तारखेला, त्याच अक्षरात २१२ होता. विषय तोच. त्याने फायलीतून तो अर्ज काढला.

अर्जदार, झुंबर रावजी. परवान्यातील दुसरे नाव, रामहरी नरसो लासुर्णेकर, कमी व्हावे ही विनंती. कारण, सदर इसम हल्ली कोणास दिसून येत नाही. राहणार, वरीलप्रमाणे.

खाली संमतीच्या सहीचा रकाना होता. तो भरलेला होता. रामहरीने स्वतःची सही बराच वेळ पाहिली. तिच्यात काही चूक नव्हती.

“एका विषयाचे दोन अर्ज असतील तर आधीच्या क्रमांकाचा आधी विचार,” आप्पासाहेब कोणाला तरी सांगत होते. “आणि ज्यावर संमती आहे त्याला हरकत घ्यायला जागा नाही. वर पाठवतो.”

सव्वीस एप्रिलला, गुरुवारी, सकाळच्या टपालाने पिंपळीहून कार्ड आलं. सिंधुबाईचं टपोरं अक्षर.

‘सोमवारी तुम्ही स्वतः येऊन नाव कमी होत असल्याचं सांगून गेलात, जिवाला बरं वाटलं. मी मुद्दाम निरखून पाहिलं. भुवई पाहिली, हात पाहिले, तुम्हीच. पूर्वीपेक्षा प्रकृती चांगली दिसली. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या म्हणून दादाही खूश झाला. मी गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. तुम्ही स्टँडवर घ्यायला येतो म्हणालात, त्याप्रमाणे या.’

सोमवारी रामहरी दिवसभर कचेरीत होता. हजेरीला त्याची सही होती का, हे त्याने पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. साडेअकरा वाजले होते. गाडी बाराला लागे. तो उठला आणि आप्पासाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

“आप्पासाहेब, कुटुंब येतंय. मला आत्ता जायला हवं. मीच जायला हवं.”

आप्पासाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. रामहरीच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे बघून ते हसले. बावीस वर्षांत ते रामहरीकडे बघून कधी हसले नव्हते.

“जा की. विचारता काय? वहिनींना ताटकळत ठेवू नका.”

रामहरीने काही म्हणण्याच्या आत दारातली उन्हाची तिरीप हलली आणि बाहेर सायकलचं स्टँड निघाल्याचा आवाज झाला. मग रस्त्यावरून फुटकी घंटा खरखरत एस.टी. स्टँडच्या दिशेने गेली. तो टेबलापुढेच उभा होता. आप्पासाहेबांनी त्याच्या अंगावरून हात पुढे करून टाक दौतीत बुडवला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

सदर प्रकरणी अर्ज क्रमांक २१२ वरिष्ठांकडे मंजुरीसाठी सादर करण्यात आला आहे. अर्ज क्रमांक २१३ विचाराधीन असून, अर्जदार समक्ष हजर होत नसल्याने तो आजमितीस प्रलंबित आहे.